मोडक्या शिंगाचा बैल

गुरुराव बोलायला लागले की घरातल्या बाकीच्यांना एकच शब्द उरतो, ‘हौदु’. कानडीतला हा होकार लष्कर मोहल्ल्यातल्या या रंगाऱ्यांच्या घरात कधीच मराठी होऊन बसला आहे. थोरल्याने सांगायचं, धाकट्यांनी हौदु म्हणायचं आणि मग सगळ्यांनी जेवायला बसायचं. या शिस्तीमुळे घरातली पुष्कळ भांडणं टळली, हे कबूल करायला हवं. पण एम. ए.च्या शेवटच्या वर्षाला इतिहासाचा प्रबंध लिहिणाऱ्या नातीला त्याच शिस्तीने तोंडघशी पाडलं.

झालं ते असं. उन्हाळ्याच्या सुट्टीत विद्याश्रीने म्हैसुरात असलेल्या सगळ्या वडीलधाऱ्यांना माजघरात गोल करून बसवलं, मधोमध फोन ठेवला आणि अज्जाला म्हणाली, “सांगा.” गुरुरावांना एवढंच हवं होतं. दर आयुधपूजेला छपाईचे जुने लाकडी ठसे पुजून झाले की जी गोष्ट ते सांगतात, ती त्यांनी सांगितली. त्यांचे वडील शंभूराव यांनी म्हैसूरच्या दसऱ्यात बन्नीमंटपाच्या मैदानावर होणाऱ्या मशालीच्या कवायतीसाठी लाल पागोटी रंगवली. विजयादशमीच्या सकाळी ती न्यायला दरबारची बैलगाडी दारात आली. पांढरे बैल, गळ्यात घुंगरं, डाव्या बैलाचं शिंग मोडकं. अधिकाऱ्याने शंभूरावांच्या खांद्यावर शाल घातली. पुढे गिरणीचं कापड आलं, तेव्हा शंभूरावांनी मानाने रंगाची भट्टी विझवली. “मी उंबऱ्यावर उभा होतो. पाहिलं मी,” असं म्हणून गुरुराव थांबले. विद्याश्रीने एकेकाकडे पाहिलं. सगळे हौदु म्हणाले. तिने प्रबंधात लिहिलं की सात साक्षीदारांच्या जबान्या तंतोतंत जुळतात.

तिचे मार्गदर्शक दिलीप सर मूळचे सोलापूरचे. म्हैसुरात येऊन त्यांना पंधरा-वीस वर्षं झाली, तरी त्यांची मराठी या घराला अजून पुस्तकातली वाटते. त्यांनी प्रकरण परत दिलं तेव्हा ‘सात’ या शब्दाभोवती पेन्सिलीने गोल केलेला होता.

“आजोबांच्या आधी कुणी बोललं?” त्यांनी विचारलं.

“नाही सर. आमच्यात तसं चालत नाही.”

“त्यांच्यानंतर कुणी नाही म्हणू शकलं असतं?”

विद्याश्रीला हसू आलं, मग तिने ते आवरलं. “नाही सर.”

“मग तुमच्याकडे साक्षीदार एक आहे. बाकी नुसत्या माना आहेत.” सरांनी पान उलटलं. “आणि हे मोडकं शिंग. असा बारकावा प्रत्यक्ष पाहणाराच सांगू शकतो, असं तुम्ही लिहिलंय. कशावरून?”

“इतकं डिटेल उगाच कोण सांगेल, सर?”

“ज्याला गोष्ट रंगवायची आहे तो सांगेल. बारकावा खराही असेल. पण तो कुठून आला ते शोधा. एकेकाला एकटं गाठा. कुणालाच काही सुचवू नका. प्रत्येकाला पहिला प्रश्न एकच विचारा, हे तुम्ही पाहिलंत की ऐकलंत? ऐकलं असेल तर कुणाकडून? मग त्या माणसाकडे जा.”

हे ऐकायला सोपं वाटतं. विद्याश्रीने वडिलांना दुकानात गाठलं, काकांना त्यांच्या घरी, आणखी एका चुलत आजोबांना देवळाबाहेर. पाहिलं म्हणणारं कुणीच निघालं नाही. प्रत्येकाने ऐकलं होतं आणि प्रत्येकाने गुरुरावांकडूनच ऐकलं होतं. गुरुरावांहून मोठं असं एकच माणूस उरलं होतं, बन्नूरला दिलेली त्यांची थोरली बहीण अनुसूया. नव्वदीला टेकलेल्या त्या अज्जीला उन्हाळ्यात कुणी बोलावलंच नव्हतं. बायकांना काय ठाऊक असणार भट्टीचं, असं तिचे वडील पवनकुमार म्हणाले होते आणि विद्याश्रीनेही ते मुकाट्याने ऐकून घेतलं होतं.

दसऱ्याच्या पंधरवडाभर आधी ती बसने बन्नूरला गेली.

अनुसूयाबाई ओट्यावर वाती वळत बसल्या होत्या. समोरच्या शेतात ऊस पुरुषभर उंच झाला होता. विद्याश्रीने फोन मध्ये ठेवला, परवानगी विचारली आणि सरांनी शिकवलेला प्रश्न जसाच्या तसा विचारला. “अज्जी, दरबारची गाडी तुम्ही स्वतः पाहिली, की कुणाकडून ऐकली?”

“मी कशाला ऐकू? ती गाडी मीच तर जुंपली.”

विद्याश्रीला वाटलं, वयामुळे गोंधळ होतोय. “म्हणजे बैल तुम्ही बांधले?”

“बैल कुठले ग? पोराला झोपवायला सांगितलेली गोष्ट ती. तुझा अज्जा तेव्हा पाळण्यात होता, उंबऱ्यावर उभा राहणार कसा?” अनुसूयाबाई गालात हसल्या. आपली गोष्ट इतकी वर्षं टिकली याचं त्यांना मनापासून कौतुक वाटत होतं. “शिंगमोडका बैल मात्र निजा, अगदी खरा. आमच्या येसाजीमामाचा. तो बन्नूरहून गुळाच्या ढेपा घेऊन यायचा. मला दुसरी गाडी ठाऊकच नव्हती, मग दरबारला तीच दिली मी.”

“मग पागोटी?”

त्यांनी वाती बाजूला ठेवल्या. आता त्या हसत नव्हत्या.

“पागोटी अप्पांनीच रंगवली. तेव्हा लढाई चालली होती ना, जर्मनीचा लाल रंग मिळेना. कंत्राटदाराला घाई. अप्पांनी बाजारातून दुसरीच पूड आणली. एरवी चिंधी बुडवून, वाळवून, धुऊन बघायचे. त्या वेळी वेळ नाही म्हणाले. संध्याकाळी कवायतीत पाऊस आला आणि सगळा रंग खाली उतरला. मशालवाल्यांच्या तोंडावरून, पांढऱ्या अंगरख्यांवरून. लोकांना वाटलं रक्तच आलं. मी मामाच्या खांद्यावर बसून बघत होते. हे मी पाहिलं, लिही.”

“मग?”

“मग काय. दुसऱ्या दिवशी गठ्ठे दारात येऊन पडले. अप्पांनी भट्टी अंगणात उपडी केली. मानाने बिनाने काही नव्हे. त्यानंतर त्यांनी रंगाला हात लावला नाही. दुसऱ्याच्या दुकानात गज घेऊन कापड मोजत राहिले आणि घरात कुणाशी बोललेच नाहीत. गुरु चार-पाच वर्षांचा झाला तसे गल्लीतले पोरगे त्याला रंगगळ्याचा पोर म्हणून चिडवायचे. रडत यायचा तो. अप्पा तोंड फिरवून बसायचे. आई तर कधीच गेली होती. मग मी त्याला जवळ घेऊन गाडी जुंपायची. रोज रात्री थोडी थोडी. शाल मागून घातली, तीही मीच.”

 विद्याश्रीला आनंद झाला होता आणि त्या आनंदाची लाजही वाटत होती. असा पुरावा हाती लागणं हे कुठल्याही विद्यार्थ्याचं भाग्य, आणि हा पुरावा लागला होता तो तिच्याच अज्जाच्या विरुद्ध.

“हे मी तुमच्या नावाने लिहू ना, अज्जी?”

“बेडा,” अनुसूयाबाई चटकन म्हणाल्या. “नको. गुरु आहे तोवर नाव बेडा. म्हातारपणी त्याच्या हातातली काठी काढून घेऊ काय मी?”

“नाव नसेल तर कॉलेजात ते धरत नाहीत.”

“मग नाही धरलं तर नाही. मी सांगितलं तुला, सगळ्या जगाला नाही.”

सरांना तिने नाव न घेता सगळं सांगितलं.  “महायुद्ध म्हैसूरच्या एका अंगणात कसं पोचलं, याची ही हकीकत आहे. फार मोलाची आहे,” ते म्हणाले. “पण दोन गोष्टी. त्यांनी नाही म्हटलंय, म्हणजे नाही. आणि दुसरं, हीही एकाच माणसाची साक्ष आहे. आधीची टिकली नाही म्हणून ही लगेच खरी धरू नका.”

“मग मी लिहू काय, सर?”

“ते मी सांगितलं तर प्रबंध माझा होईल.”

असे सर मिळायला भाग्य लागतं असं लोक म्हणतात. विद्याश्रीला त्या दिवशी तसं वाटलं नाही.

*

आयुधपूजेच्या सकाळी पवनकुमार गाडी घेऊन बन्नूरला गेले आणि अनुसूयाआत्याला सणासाठी घेऊन आले.  घरी आल्यावर विद्याश्री वडिलांना मागच्या दारी घेऊन गेली. आज संध्याकाळी रंगारी समाजाचे जगन्नाथराव स्मरणिकेसाठी तिचा लेख मागायला येणार होते आणि लेखात काय असेल याची पवनकुमारांना पूर्ण खात्री होती. ती मोडणं भाग होतं.

पवनकुमारांनी ऐकून घेतलं; नाव तिने सांगितलं नाही, पण ती बन्नूरला जाऊन आल्याचं त्यांना ठाऊक होतं. तसा हा माणूस वाईट नाही, फक्त त्याला घरातली वस्तू हललेली खपत नाही. साड्यांच्या दुकानाच्या पाटीवर त्याने गेल्याच वर्षी ती बैलगाडी रंगवून घेतली होती, मोडक्या शिंगासकट.

“तुला मी शिकवलं ते अण्णांना खोटं पाडायला?” ते म्हणाले.

“अज्जा खोटं बोलले असं मी म्हणतच नाही, अप्पा. त्यांना ते खरंच आठवतंय.”

“मग राहू दे ना सुम्ने, उगाच कशाला. कुणाचं काय बिघडतं? आणि आत्यांचं आता वय झालंय. त्यांना कालचं आठवत नाही.”

“त्यांना सगळं आठवतं. तुम्हीच त्यांना बोलवलं नव्हतं उन्हाळ्यात.”

“तू बोलवायची होतीस मग.”

विद्याश्रीने पायरीवर पडलेलं झेंडूचं फूल उचललं. पवनकुमारांचा आवाज थोडा खाली आला. “असं कर. ‘आमच्या घरात अशी आख्यायिका आहे’ असं लिही. म्हणजे खोटंही नाही, खरंही नाही. आयतु, झालं.”

हा तोडगा तिलाही सुचला होता. तिने तसं लिहूनही पाहिलं होतं. वाचून बघितलं तर प्रत्येक वाक्य बरोबर होतं आणि पान मात्र लबाड वाटत होतं. आज वडिलांच्या तोंडून तेच ऐकताना तिला पहिल्यांदा कळलं की आपण हे केवळ भीतीने लिहिलं होतं.

“आजपुरतं कुणाशी बोलू नको,” पवनकुमार म्हणाले. “अण्णांचा सण आहे.”

“मी बोलणारच नाहीये. मला परवानगी नाही.”

*

संध्याकाळी घर भरलं. दारातल्या स्कूटरला, काकांच्या रिक्षाला, पिठाच्या चक्कीला सगळ्यांना झेंडूच्या माळा पडल्या होत्या. कोहळा फोडून झाला. देवघरासमोर पाटावर ठसे मांडले होते, कोयऱ्या, वेलबुट्ट्या, एक मोर. कुंकू लावलेले ते ठसे बघायला जगन्नाथराव वाकले. दिलीप सरांना जेवायचं आमंत्रण होतं. ते भिंतीला टेकून बसले होते आणि आज इथे आलो नसतो तर बरं झालं असतं असं त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

गुरुरावांनी घसा साफ केला.

या एका संध्याकाळसाठी गुरुराव वर्षभर थांबतात. त्यांचं लहानपण फार एकटं गेलं. वडील घरात असून नसल्यासारखे. मोठेपणी गुरुराव ही गोष्ट चारचौघांत सांगू लागले, तेव्हा वडील हयात होते. गोष्ट सुरू झाली की शंभूराव उठून मागच्या दारी जात. आपण सांगतो ते वडिलांना आवडत नाही, आपण सांगण्याच्या लायकीचे नाही असं त्यांना वाटतं, हे गुरुरावांनी फार लवकर ओळखलं. तरीही ते सांगत राहिले. ज्या बापाने कधी पाठीवर हात फिरवला नाही, त्या बापाचा मान आपण राखतो आहोत, यात त्यांना एक कडवट समाधान होतं. आतापर्यंत हे त्यांनी कुणापाशी बोलून दाखवलं नव्हतं.

गाडी दारात आली. घुंगरं वाजली. शिंग मोडलं. “पाहिलं मी,” गुरुराव म्हणाले आणि थांबले.

हौदु आलं, पण विरळ आलं. जगन्नाथरावांचं मोठ्याने, काकांचं सवयीने. पवनकुमारांचं जरा उशिरा. विद्याश्रीचे ओठ हललेच नाहीत आणि अनुसूयाअक्का तर पदराच्या काठाकडे बघत होती. इतक्या वर्षांनी माणसाला आपल्या होकारांचा आवाज ओळखता येतो. गुरुरावांनी तो ओळखला.

“का ग अक्का? बरं वाटत नाही?”

“बरी आहे की.”

“आणि तू ग, विद्या? जगन्नाथराव तुझ्या लेखासाठी आलेत. गाडी घातलीस ना नीट?”

“अज्जा, मी अजून लिहिलं नाही.”

“उन्हाळ्यापासून?”

“लिहिलं होतं. सरांनी परत दिलं.”

गुरुरावांनी दिलीप सरांकडे पाहिलं. सर सावरून बसले. “काकासाहेब, चूक माझी नाही आणि तिचीही नाही. तिला आणखी थोडं विचारायचं आहे, इतकंच.”

“कुणाला विचारायचं? मी बसलोय ना इथे. पाहिलेला माणूस बसलाय.”

 पवनकुमार म्हणाले, “अण्णा, पानं वाढायची काय?” गुरुरावांनी हात वर करून त्यांना थांबवलं.

“विद्या, मला सांग. काय चुकलं माझं?”

“तुमचं काही चुकलं नाही, अज्जा. मला एक गोष्ट कळली आहे, पण ती सांगायची परवानगी मला मिळालेली नाही. ज्यांनी सांगितली त्यांना मी शब्द दिला आहे. म्हणून मी लिहिलं नाही. लिहिणारही नाही.”

“हे काय शिकवता हो कॉलेजात?” जगन्नाथराव मध्येच म्हणाले. “घरात राहून घरातल्यांपासून लपवायचं? आमच्या वेळी असं नव्हतं.”

“लाज वाटते ना आता?” पवनकुमार मुलीला म्हणाले. दुसऱ्याच्या देखत आपल्या माणसावर ओरडणं हा अडचणीतून सुटण्याचा सोपा मार्ग, तो त्यांनी धरला. “अण्णांसमोर असं बोलतात?”

विद्याश्रीने मान खाली घातली, पण नाव सांगितलं नाही.

अनुसूयाबाई हे सगळं पाहत होत्या. त्यांना आपल्या गोष्टीचा अभिमान होता, भावाची काळजी होती आणि नाव सांगू नको म्हणताना ही पोर इतकं निभावेल असं त्यांना वाटलं नव्हतं. कुणी विचारलं की ती सांगून मोकळी होईल, आपण नाही म्हणू, म्हातारीला आठवत नाही म्हणून लोक सोडून देतील, असा त्यांचा साधा हिशेब होता. आता ती त्यांच्यापायी बोलणी खात होती. गल्लीतून रडत येणारा गुरु त्यांना आठवला नाही, असं नाही. पण त्या वेळी रडणाऱ्याला जवळ घेणं बरोबर होतं, तर आत्ताही तेच बरोबर होतं; फक्त आता जवळ घ्यायची होती ती ही पोर.

“साकु, पवन. पुरे,” त्या म्हणाल्या. “पोरीला बोलू नको. गुरु, ती गाडी येसाजीमामाची.”

“कुठली?”

“तुझी. शिंगमोडक्या बैलाची. मी सांगितलेली रे. तू झोपायचा नाहीस म्हणून.”

गुरुराव हसले. मग त्यांनी बहिणीच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि हसायचे थांबले.

“अक्का, ती माझ्या डोळ्यांसमोर आहे. आत्ता आहे.”

“असणारच. रोज रात्री आणत होते मी. अधिकारी आणला, शाल आणली. तू जे मागायचास ते आणलं. त्या वर्षी तू पाळण्यात होतास.”

मग त्यांनी सगळं सांगितलं. लढाई, पूड, पाऊस, मशालवाल्यांची तोंडं, दारात पडलेले गठ्ठे, उपडी केलेली भट्टी. सांगताना त्यांनी काही मऊ केलं नाही. ऐकताना काकांनी एकदा ‘अय्यो’ म्हटलं, तेवढंच.

जगन्नाथराव उठून उभे राहिले. “झालं गेलं ते झालं. स्मरणिकेत आपण जुनंच घालू, गुरुराव. समाजाच्या नावाचा प्रश्न आहे. बरोबर ना, पवन?”

पवनकुमारांनी बापाकडे पाहिलं. सकाळी त्यांनी हेच सुचवलं असतं. पण वडिलांचा चेहरा इतका उघडा पडलेला त्यांनी कधी पाहिला नव्हता, आणि त्या चेहऱ्याच्या वतीने बोलायचा आपल्याला हक्क नाही हे त्यांच्या लक्षात आलं. “थांबा जगन्नाथराव,” ते म्हणाले. “अण्णांना बोलू दे.” ते सरकून मुलीच्या शेजारी जाऊन बसले.

गुरुरावांनी पाटावरचा मोराचा ठसा उचलून हातात धरला. ते गाडीबद्दल विचार करत असतील असं सगळ्यांना वाटलं. ते गाडीबद्दल विचार करत नव्हते.

“म्हणजे मी दर वर्षी अप्पांच्या समोर बसून,” ते म्हणाले आणि अडखळले. “त्यांच्याच तोंडावर मी ते सांगत होतो. ते उठून जायचे. मला वाटायचं, मी त्यांना आवडत नाही.”

“तुला काय गोत्तु, काय ठाऊक होतं रे?” अनुसूयाबाई म्हणाल्या.

“तू का नाही सांगितलंस?”

“सांगणार होते. तोवर तू सुखाने झोपायला लागला होतास.”

गुरुरावांनी डोळे पुसले. ते लपवायचा त्यांनी प्रयत्न केला नाही. मग ते नातीकडे वळले. “तुझा तो फोन आण. चालू कर.”

“अज्जा, आत्ता नको. नंतर कधीतरी.”

“नंतर मी पुन्हा काहीतरी रचेन. आण.”

विद्याश्रीने फोन पाटाशेजारी ठेवला. सुचवायचं नाही, हे तिला आठवत होतं. 

“गाडी मी ऐकली, अक्काकडून. शालही ऐकली,” गुरुराव म्हणाले. “आता पाहिलेलं सांगतो. हे मला कुणी सांगितलेलं नाही. माझ्या लग्नात, मांडवात, सगळे जमलेले. मुलीचा लाल शालू ताटात ठेवलेला. अप्पा उठले, तांब्या घेतला, शालूचा पदर पाण्यात बुडवला आणि आपल्या पांढऱ्या धोतरावर खसाखसा घासला. सगळ्यांसमोर. मुलीकडची माणसं उठून उभी राहिली. तिचे वडील म्हणाले, आम्ही काय हलकं कापड आणलंय? मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. मी अप्पांना तिथेच नको ते बोललो. त्यानंतर त्यांच्याशी धड बोललो नाही, ते जाईपर्यंत.”

अनुसूयाबाई त्या लग्नात बाळंतपणामुळे नव्हत्या. त्यांनी हे कधी ऐकलं नव्हतं. दिलीप सरांनी भिंतीवरची पाठ काढली आणि ते पुढे झाले. एका साक्षीजवळ दुसरी येऊन उभी राहिली होती, आणि दोघांनी एकमेकांशी बोलून ती जुळवली नव्हती. विद्याश्रीलाही ते कळलं. पण आत्ता तिला प्रबंधाचं काही वाटत नव्हतं.

“अज्जा, रंग गेला?” तिने विचारलं.

“काय?”

“शालूचा. पणजोबांनी घासल्यावर.”

गुरुरावांनी आठवून पाहिलं. या वेळी त्यांना शब्द पटपट सापडत नव्हते.

“नाही. पक्का होता. धोतर पांढरंच राहिलं.”

“मग ते काय म्हणाले?”

“काही म्हणाले नाहीत. धोतराकडे बघितलं, मग माझ्याकडे बघून हसले. अप्पांना हसताना मी तेवढं एकदाच पाहिलं. मला वाटलं, ते मला हसतायत. म्हणून मी बोलणं टाकलं.”